हवा न झालेलं पेट्रोल

एक लिटर पेट्रोल वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरतं आणि त्यातला सुमारे ६४० ग्रॅम नुसता कार्बन असतो. गाडी धावते तेव्हा हा कार्बन प्राणवायूशी जोडला जाऊन वायू होतो आणि सायलेन्सरमधून निघून जातो. एका लिटरमागे सव्वादोन किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड, शिवाय पाऊण लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपात. आता लिटरला बारा किलोमीटर देणारी एखादी जुनी फियाट घ्या. पन्नास हजार किलोमीटरांत तिच्या इंजिनातून अडीच टनांपेक्षा जास्त कार्बन जाऊन हवेत विरतो. एवढं झाल्यावर इंजिनाचं हेड उघडलं, पिस्टनच्या माथ्यावरचा आणि व्हॉल्व्हवरचा काळा थर खरवडला, तर चारही सिलिंडरचा मिळून मूठभर निघेल.

या मुठीचं मला विलक्षण आश्चर्य वाटतं. ज्या जागी दर सेकंदाला पंचवीस वेळा आग पेटते आणि तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं, त्या जागी हा अंश न जळता टिकतो तरी कसा? आणि टनांच्या हिशेबात कुठेही न बसणारी ही मूठ चांगल्या धडधाकट इंजिनाला घाटात जेरीला कशी आणते?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सिलिंडरच्या भिंतीत आहे. आतला वायू कितीही तापला, तरी भिंतीमागून पाणी फिरत असतं आणि धातू दोन-तीनशे अंशांच्या घरातच राहतो. ठिणगीपासून निघालेली ज्वाळा अडीच-तीन सहस्रांश सेकंदात सगळी पोकळी ओलांडते, पण भिंतीला टेकण्याआधीच विझते. थंड धातू तिची उष्णता ओढून घेतो. ज्वाळा आणि धातू यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढी एक पट्टी कायम न जळलेली राहते. दोन हजार अंशांचा वायू आणि दोनशे अंशांचं लोखंड यांच्यात अंतर एका केसाचं! या पट्टीत पेट्रोलचे जडसे अंश आणि पिस्टनच्या रिंगांना चुकवून वर आलेलं ऑईल धातूवर चिकटतं. पुढची ज्वाळा ते शेकते, त्यातला हायड्रोजन हळूहळू घालवते, रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि कडक काळं कवच तयार होतं. तळणाच्या कढईच्या बाहेरच्या अंगाला वर्षानुवर्षांचं तेल भाजून जो थर बसतो, साबणाला दाद देत नाही, तोच हा प्रकार. फक्त तो इथे आगीच्या आतल्या बाजूला बसतो.

म्हणजे मेकॅनिक ज्याला सरसकट कार्बन म्हणतो, तो शुद्ध कार्बन कधीच नसतो. त्यात जळकं ऑईल असतं, ऑईलमध्ये मिसळलेल्या कॅल्शियम-जस्ताच्या संयुगांची राख असते, हवेबरोबर आलेली धूळ असते आणि जुन्या गाडीत बहुधा शिसंही असतं. शिशाकडे पुढे येतोच.

हा थर सगळीकडे सारखा नसतो, हीसुद्धा पाहण्याजोगी गोष्ट. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडाकडची बाजू बहुधा स्वच्छ, राखाडी किंवा तांबूस दिसते, कारण ती इतकी तापते की कार्बन तिथे धरतच नाही. शेजारचाच इनलेट व्हॉल्व्ह ताज्या थंड मिश्रणाने सतत निवत असतो, आणि त्याच्या पाठीवर काळे उंचवटे जमतात. यातच एक मोठी गंमत दडली आहे. थर स्वतः उष्णतेचा वाईट वाहक आहे. तो जाड होऊ लागला की त्याचा वरचा पृष्ठभाग आणखी तापतो, आणि एका मर्यादेनंतर इतका तापतो की नवीन कार्बन बसण्याआधीच जळून जातो. काही हजार किलोमीटरनंतर वाढ आपोआप मंदावते. थराने स्वतःच स्वतःची वेस आखलेली असते. असं नसतं, तर आपण मूठ नव्हे, घमेलं भरून कार्बन काढत बसलो असतो.

आता दुसरा प्रश्न. त्यासाठी मुंबईकरांच्या ओळखीचंच इंजिन घेऊ. फियाट ११००, पुढे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरपर्यंत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवर दिसलेली गाडी. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. एका सिलिंडरच्या वाट्याला २७२ सीसी येतात. दाबाचं प्रमाण सोयीसाठी ७ ला १ धरू. पिस्टन अगदी वर गेल्यावर हेडमध्ये उरणारी पोकळी साधारण ४५ सीसीची होते, तीन मोठे चमचे. पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ छत्तीस चौरस सेंटिमीटर आहे. त्यावर अर्धा मिलिमीटर आणि हेडच्या बाजूला अर्धा मिलिमीटर थर बसला, की पोकळीतले साडेतीन सीसी गेले. दाबाचं प्रमाण ७ वरून साडेसातवर सरकलं. कुणी पान्हा हातात न घेता इंजिनाची रचनाच बदलली.

एवढ्याने इंजिन बिघडेल असं नाही. दाब वाढला तर ताकदही किंचित वाढते. पण मिश्रण जितकं दाबाल तितकं ते तापतं, आणि थर त्याला आणखी तापवतो. मागच्या स्फोटाची उष्णता थर स्वतःत साठवतो आणि आत येणाऱ्या ताज्या मिश्रणाला देतो. मग खंडाळ्याच्या चढावर ॲक्सिलरेटर दाबलेला असताना ठिणगीची ज्वाळा अर्ध्या वाटेवर असते, आणि पलीकडच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाब व उष्णता असह्य होऊन एकदम पेटतं. त्या धक्क्याची लहर सिलिंडरच्या भिंतींवर सेकंदाला हजारो वेळा आपटते. आपल्याला ऐकू येते ती डब्यात खिळे हलवल्यासारखी टकटक. इंजिन नॉक करतंय असं म्हणतात ते हेच.

थराचा एखादा तुकडा सुटून टोकाने वर राहिला, तर तो लाल होतो आणि ठिणगीची वाटच पाहत नाही. पिस्टन अजून वर येत असतानाच मिश्रण पेटतं. किल्ली काढल्यावरही धडधडत, हिसके देत फिरत राहणारं जुनं इंजिन पुष्कळांनी पाहिलं असेल. वीज बंद असते, प्लग मुका असतो, आणि तरीही आत लाल झालेलं काहीतरी पेट्रोल पेटवत असतं. जुन्या इंजिनात ते बरेचदा हे कार्बनचे कण असतात.

हे सगळं मोटारीच्या पहिल्या पिढीला फार सोसावं लागलं. तेव्हाचं पेट्रोल हलक्या प्रतीचं, ऑईल भरपूर जळणारं, आणि त्यात भर म्हणजे कित्येक इंजिनांना वेगळं हेडच नव्हतं. रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट ही आपल्या संस्थानिकांचीही लाडकी गाडी. तिच्या इंजिनात सिलिंडर आणि हेड एकाच ओतकामात होते. पहिल्या महायुद्धानंतर आलेल्या तीन लिटरच्या बेंटलीतही तसंच. हेड आणि सिलिंडर यांच्यामधलं पॅकिंग फुटण्याची भीती राहू नये म्हणून केलेली ही युक्ती. पण मग कार्बन काढायचा कुठून? सिल्व्हर घोस्टमध्ये व्हॉल्व्हच्या डोक्यावर आट्यांची झाकणं असत. ती काढून त्या भोकातून लांब, वाकड्या टोकाच्या पात्या आत घालायच्या आणि न दिसणाऱ्या जागी, हाताला लागेल तसं खरवडायचं. बेंटलीत तर सिलिंडरचा सबंध ठोकळा उचलावा लागे. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीचं एक मोठेपण इथे कळतं. तिचं हेड सुटं होतं. पंधरा बोल्ट काढा आणि उचला. इंग्लंडमध्ये १९२२ पासून निघालेली छोटी ऑस्टिन सेव्हनही तशीच सोपी होती. शनिवारी दुपारी हेड काढून, कार्बन खरवडून, व्हॉल्व्ह घासून रविवारी पुन्हा गाडी हाकणं हा तिथल्या सामान्य मालकाच्या घरकामाचाच भाग होता.

ज्यांना हेड काढायचं नव्हतं त्यांच्यासाठी अमेरिकेतल्या गॅरेजांनी १९१० च्या दशकात एक थरारक उपाय आणला. एकेका सिलिंडरचा प्लग काढायचा. पिस्टन पार वर आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद करायचे. प्लगच्या भोकातून जळती काडी आत टाकायची आणि नळीतून शुद्ध प्राणवायू सोडायचा. आत कार्बन पेट घेई आणि भोकातून ठिणग्यांचा फवारा उडे. ठिणग्या थांबल्या की तो सिलिंडर झाला. साध्या हवेत प्राणवायू पाचातला एकच भाग असतो, म्हणून एरवी थर तग धरतो. शुद्ध प्राणवायूपुढे त्याचा टिकाव लागत नाही.

या उपायाचा पूर्वज पॅरिसमध्ये सापडतो, तोही दागिन्यांच्या दुनियेत. १७७२ मध्ये आंत्वान लावाझिए याने मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरे तापवले. हवा मिळाली तेव्हा हिरे जळून नाहीसे झाले आणि मागे जो वायू राहिला तो कोळसा जाळल्यावर मिळतो तोच निघाला. हिरा म्हणजे कार्बनच, हे पुढे स्मिथसन टेनंट याने १७९७ मध्ये पक्कं केलं. जगातला सगळ्यात कठीण पदार्थ आणि पिस्टनवरची काळी खपली, दोघांचाही शेवट एकाच रंगहीन वायूत होतो. मॉडेल टीच्या प्लगच्या भोकातून उडणाऱ्या ठिणग्या पाहणाऱ्या गॅरेजवाल्याला लावाझिए ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण तो त्याचाच प्रयोग करत होता. (आज हा उपाय घरी कुणी करून पाहू नये. ऑईल आणि शुद्ध प्राणवायू एकत्र आले की स्फोट होऊ शकतो, आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन अशा आगीत खराब होतो.)

नॉकिंगवर दुसरा उपाय रसायनातून आला, आणि त्याने आपल्या मुठीतला कार्बन कायमचा बदलून टाकला. चार्ल्स केटरिंग हा मोटारीच्या सेल्फ स्टार्टरचा जनक. त्याच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली १९१६ पासून नॉकिंगच्या मागे लागला होता. पेट्रोलला लाल रंग दिला तर ते उष्णता चटकन शोषेल आणि नॉक करणार नाही, अशी त्याची समजूत. हाताशी आयोडीन होतं, ते मिसळलं, आणि नॉकिंग खरोखर थांबलं! दुसरे लाल रंग वापरून पाहिले, तर काहीच होईना. रंगाचा संबंध नव्हता. गुण आयोडीनचा होता. चुकीच्या तर्काने उघडलेल्या या वाटेवरून चालत ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचं संयुग हाती आलं. चिमूटभर घातलं की पेट्रोल मोठा दाब सोसतं.

पण शिसं जळाल्यावर जाणार कुठे? त्याचं ऑक्साइड प्लगवर आणि व्हॉल्व्हवर कवच धरू लागलं. ते बाहेर काढायला त्याचं वाफ होणारं संयुग करायला हवं होतं, आणि ते ब्रोमिनशी होतं. म्हणून पेट्रोलमध्ये शिशाबरोबर ब्रोमिनचं संयुगही मिसळावं लागलं. मोटारी वाढल्या तसं जमिनीतलं ब्रोमिन अपुरं पडू लागलं आणि अमेरिकनांनी समुद्राकडे पाहिलं. एक किलो ब्रोमिनसाठी सुमारे पंधरा टन समुद्राचं पाणी लागतं. १९३४ पासून नॉर्थ कॅरोलायनातल्या क्युरी बीचवर अटलांटिकचं पाणी पंपांनी खेचून त्यातून ब्रोमिन काढणारा कारखाना चालू झाला. पिस्टनवरचा थर पातळ राहावा म्हणून महासागर गाळायचा! यंत्रविद्येच्या इतिहासात एवढ्या छोट्या खपलीसाठी केलेला एवढा मोठा खटाटोप मला दुसरा माहीत नाही.

त्या शिशाने जगभरच्या मुलांच्या रक्तात काय केलं तो वेगळा आणि दुःखाचा विषय. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसं नसलेलं पेट्रोल आलं. जगात सगळ्यांत शेवटी, २०२१ मध्ये, अल्जीरियाने शिसं असलेलं पेट्रोल विकणं थांबवलं. आपल्यापुरती गोष्ट अशी, की जी गाडी २००० च्या आधी भरपूर चालली आणि नंतर कोपऱ्यात उभी राहिली, तिच्या हेडमधल्या पांढुरक्या-करड्या थरात शिशाची संयुगं आहेत असंच धरून चालावं.

म्हणून असा कार्बन कधीही कोरडा खरवडू नये, आणि कॉम्प्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवू नये. आपल्या गॅरेजांतून हवेचा पाइप लावून फस्सकन साफ करायची सवय सर्रास दिसते. ती मला फार खुपते, कारण ती धूळ शेजारी चहा घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्याच्या फुफ्फुसात जाते. काजळी मुळातच निरुपद्रवी नाही. लंडनची धुराडी साफ करणाऱ्या मुलांना पुढे होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी आहे हे पर्सिव्हल पॉट या शल्यविशारदाने १७७५ मध्येच दाखवून दिलं होतं. त्यात शिसं आलं, आणि जुन्या हेडचं पॅकिंग तांबं-ॲसबेस्टॉसचं असतं ते तिसरं. तेव्हा चांगला मास्क, हातमोजे, आणि सगळं काम रॉकेल किंवा डिझेलने ओलं ठेवून.

काम मात्र मोठं सुंदर आहे. इंजिन पूर्ण गार झाल्यावरच हेडच्या नटांना हात लावायचा. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गरम असताना सोडलं तर वाकतं. नट एका बाजूने सरळ न सोडता मधून सुरुवात करून, आलटून पालटून, थोडे थोडे सैल करायचे की कडेकडून मध्याकडे यायचं, हे त्या त्या गाडीच्या पुस्तकात पाहून ठरवावं. हेड निघालं की दोन पिस्टन वर आणायचे आणि उरलेल्या दोन सिलिंडरांत, पाण्याच्या व ऑईलच्या भोकांत चिंध्या कोंबायच्या. एक कडक कण रिंगेपाशी गेला तर सिलिंडरच्या भिंतीवर उभी रेघ ओढतो. वर आलेल्या पिस्टनच्या कडेच्या फटीत ग्रीस भरायचं. सुटलेले कण त्यात अडकतात, आणि नंतर पिस्टन थोडा खाली नेला की ग्रीसचं कडं कणांसकट पुसून घेता येतं.

मग खरवडणं. ॲल्युमिनियमला पोलादी पातं किंवा तारेचा ब्रश लावू नये. त्याने पडलेल्या चऱ्यांमध्ये पुढचा कार्बन अधिक घट्ट बसतो. बांबूची धार काढलेली कामटी, कठीण लाकूड, पितळी पट्टी चालते. जुन्या ब्रिटिश पुस्तकांत सोल्डरची कांडी चपटी करून वापरण्याचा सल्ला असे, कारण ती पिस्टनपेक्षा मऊ असते. रात्रभर रॉकेलमध्ये भिजलेला थर बऱ्यापैकी सैल होतो. कॉस्टिक सोडा लोखंडी हेडला चालतो, पण ॲल्युमिनियमला तो लागला की फेस येतो, हायड्रोजन सुटतो आणि कार्बनबरोबर हेडच खाल्लं जातं. बारीक काचेच्या मण्यांचा मारा दिसायला झकास चकाकी देतो, पण एखादा मणी मऊ ॲल्युमिनियममध्ये रुतून राहतो आणि इंजिन चालू झाल्यावर सुटून बेअरिंगपर्यंत पोचतो. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा त्याहून सौम्य आहे. हवेच्या जोरावर तो मारला की कार्बन उडतो आणि धातूला सहसा इजा होत नाही; शिशाची शंका असलेल्या थरावर मात्र तो नको. आजच्या आधुनिक गाड्यांच्या इनलेट व्हॉल्व्हसाठीही हाच भुगा वापरतात. तोही पूर्णपणे धुऊन काढावा लागतोच.

सगळ्यात शहाणपणाची सूचना जुन्या पुस्तकांतली आहे आणि ती वाचून मी थक्क झालो होतो. पिस्टनचा माथा साफ करा, पण काठाला चिकटलेलं कार्बनचं बारीक कडं तसंच राहू द्या. सिलिंडरच्या अगदी वरच्या काठाचंही तसंच. झिजलेल्या इंजिनात ते कडं ऑईल वर येण्याची वाट अडवतं. ते काढलं तर पॉलिश केल्यासारखा पिस्टन दिसतो आणि दुसऱ्या दिवसापासून गाडी निळा धूर मारत ऑईल खायला लागते. ते कडं चुकून खरवडलं जाऊ नये म्हणून एक जुनी पिस्टन रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनच्या माथ्यावर बसवायची आणि तिच्या आतल्या भागातच काम करायचं. पिस्टन बाहेर काढलाच असेल तर रिंगांच्या खाचा साफ करायलाही मोडक्या रिंगेचा तुकडाच उत्तम, कारण तो त्या खाचेच्या मापाचा असतो.

शेवटी व्हॉल्व्ह. ते काढताना कुठला कुठे होता याची खूण ठेवायची, कारण प्रत्येक व्हॉल्व्ह आपापल्या सीटशी जुळून झिजलेला असतो. पेस्ट लावून हाताने अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे असं घासत सगळीकडे सारखी करडी रेघ उमटेपर्यंत बसवायचा. पेस्टचा कणही आत राहता कामा नये.

आता त्या गोष्टीकडे येतो, जी घाईत हटकून राहते. खरवडण्याआधी थर वाचायचा असतो. कोरडी, मखमली काळी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. कार्ब्युरेटर किंवा चोक पाहा. ओला, चकचकीत, डांबरासारखा थर म्हणजे ऑईल येतंय. व्हॉल्व्हच्या गाइड किंवा रिंगा गेल्या. फिकट तपकिरी किंवा करडा पातळ लेप म्हणजे सगळं ठीक. आणि चारांपैकी एकच पिस्टन धुऊन पुसल्यासारखा लखलखीत असेल तर खूश होऊ नका. तिथे पॅकिंग फुटून पाणी आत येत असण्याची दाट शक्यता आहे. वाफेने तो सिलिंडर घासून काढलेला असतो. याच तत्त्वावर काही जण चालू इंजिनाच्या कार्ब्युरेटरमध्ये पाण्याचे तुषार मारून कार्बन सोडवतात. प्रमाण चुकलं तर पाणी सिलिंडरमध्ये साठतं, ते दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जुन्या, सुटे भाग न मिळणाऱ्या गाडीवर हा जुगार खेळू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

दुचाकीवाल्यांना हे सगळं वेगळ्या रूपात आठवत असेल. टू-स्ट्रोक स्कूटर आणि राजदूत, येझदीसारख्या मोटारसायकलींत ऑईल पेट्रोलबरोबरच जळतं, त्यामुळे कार्बन एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरमध्ये साचतो. प्लगच्या दोन टोकांमध्ये कार्बनचा एक कण आडवा बसला की वीज त्यातून गुपचूप निघून जाते, ठिणगी पडत नाही. रस्त्याकडेला स्कूटर थांबवून पॉलिश पेपरने प्लग घासणारा माणूस हे एकेकाळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावाचं दृश्य होतं.

तर मग कार्बन काढायचा कधी? थर स्वतःच थांबतो हे एकदा समजलं, की दर वर्षी हेड उघडण्याची घाई राहत नाही. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन सारखं आहे, चढावर नॉकिंग नाही, किल्ली काढल्यावर इंजिन लगेच थांबतं, तर हेडला हात लावू नये. दर वेळी पॅकिंग बदलणं, नट ताणणं याचाही धातूवर भार पडतो. कार्बनला खरी संधी देते ती गाडीची अर्धवट चाल. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला निघणारी मेबॅक मोटार पाहायला गर्दी होते, मुंबई-पुण्यात जुन्या गाड्यांचे मेळावे भरतात, आणि त्यांत हौसेने आणलेल्या कित्येक गाड्या एरवी फक्त गॅरेजबाहेर काढून पाच मिनिटं चालवून परत आत ठेवल्या जातात. त्या पाच मिनिटांत चोक ओढलेला असतो, भिंती गार असतात, पेट्रोल जास्त जातं आणि थर बसतो. गाडी जरा लाँगला काढा, हा जुन्या मेकॅनिकांचा सल्ला शास्त्राला धरून आहे. तासभर रस्त्यावर नीट तापलेलं इंजिन पृष्ठभागाचं तापमान त्या वेशीपलीकडे नेतं आणि थराचा मऊ भाग स्वतःच जाळतं. अनेक वर्षं उभी असलेली गाडी मात्र एकदम जोरात हाकू नये; सुटलेला मोठा तुकडा व्हॉल्व्हच्या सीटखाली अडकू शकतो.

आणि हेड उघडायची वेळ आलीच, तर माझी एक विनंती आहे. मेकॅनिकला पाच मिनिटं थांबवा. चारही पिस्टन, हेड आणि आठही व्हॉल्व्ह यांचे क्रमाने, चांगल्या उजेडात फोटो काढा. त्यानंतरच रॉकेलचा बोळा फिरवा. खरवडलेला कार्बन ओल्या कागदात गुंडाळून, बंद डब्यात घालून धोकादायक कचऱ्यात द्या. तो गटारात किंवा मातीत टाकू नका, त्यातलं शिसं कुजत नाही.